शिंपल्यांची खिडकी, चक्रव्यूह आणि पावसाळ्यात टिकणारी वाकळ

गोव्यातली एखादी वास्तू वाकळीवर उतरवायची म्हटलं की बहुतेकजण चर्चचा दर्शनी भाग नाहीतर देवळाची दीपमाळ निवडतात. दोन्ही देखण्या, पण वाकळीला अडचणीच्या. इतके बारीक तुकडे जोडले की कापड जाड होतं, चार धुण्यांत कोपरे उसवतात आणि पांघरायची वाकळ भिंतीवर टांगायची शोभा होऊन बसते. वाकळीला पुन्हा पुन्हा येणारी साधी भूमिती लागते. ती इथे भरपूर आहे.

सुरुवात शिंपल्यांच्या खिडकीपासून करावी. काच महाग होती त्या काळात पातळ, अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवत. जुन्या गोव्यातल्या चर्चांमध्ये, चांदोरच्या ब्रागांझा घराला आणि जुन्या वाड्यांना अशा खिडक्या अजून आहेत. फोटो काढताना कॅमेरा खिडकीच्या मधोमध, समान उंचीवर धरा. खालून काढलेल्या फोटोत वरचे चौकोन लहान दिसतात आणि कागदावर मापं काढताना सगळा घोळ होतो. प्रत्यक्ष माप घ्यायची गरज नाही. शिंपल्याची रुंदी पट्टीच्या किती पट आहे एवढंच बघायचं. वाकळीसाठी आठास एक हे प्रमाण चांगलं दिसतं: चौकोन ४ इंच, पट्टी अर्धा इंच.

लहान मुलाच्या पांघरुणासाठी आडवे ८ आणि उभे १० असे ८० चौकोन घ्या. तयार माप साडेछत्तीस बाय साडेपंचेचाळीस इंच होतं. चारही बाजूंनी पाव इंच मार्जिन धरून चौकोन साडेचार इंचांचे आणि पट्ट्या १ इंच रुंद कापायच्या. ४४ इंच पन्ह्याचं पांढरं कापड सव्वा मीटर, पट्ट्यांसाठी गडद तपकिरी किंवा चिऱ्यासारखं तांबडं कापड पाऊण मीटर, अस्तराला दीड मीटर आणि कडेच्या गोटाला ४० सेंटिमीटर पुरतं. कापड आधी धुऊन आटवून घ्यायचं. हातमागाचं असेल तर प्रत्येक मापावर थोडं जास्तच घ्या, ते गिरणीच्या कापडापेक्षा जास्त आटतं.

सगळे चौकोन एकाच पांढऱ्याचे कापू नयेत. खरे शिंपले कुठे दुधाळ, कुठे पिवळट, कुठे राखी असतात. मांजरपाट, मलमल आणि एखादं जुनं धोतर मिसळलं की तो भाव येतो. मलमल शिवताना सरकते, म्हणून कापण्याआधी तांदळाच्या पातळ पेजेची खळ देऊन इस्त्री करा. ही खळ नंतर धुऊन काढायचीच आहे, त्याचं कारण पुढे येईल.

आता जोडणी. प्रत्येक ओळीत ९ उभ्या छोट्या पट्ट्या आणि ८ चौकोन येतात, म्हणजे १६ शिलाया. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. मार्जिन पाव इंचाऐवजी अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त गेलं, तर एका शिलाईत दोन्ही तुकड्यांचे मिळून एक सूत जातं. १६ शिलायांत तेच दोन इंच होतं. ओळी भरायला हव्यात ३७ इंच आणि भरतात ३५! एकेक ओळ वेगवेगळी चुकली असेल तर मग उभ्या पट्ट्या एकमेकींखाली येतच नाहीत आणि खिडकी तिरपी दिसते. मशीनच्या पायाखाली सुईपासून पाव इंचावर जाडसर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासून चालवा. तीन तुकडे जोडून मोजून बघा आणि मगच पुढे जा. आडव्या लांब पट्ट्या आधीच कापून ठेवू नयेत. सगळ्या ओळी मधोमध मोजा, सरासरी काढा आणि त्या मापाने ११ पट्ट्या कापा. त्यांच्यावर उभ्या पट्ट्यांच्या जागा खडूने खुणावून घेतल्या की ओळी बरोबर जुळतात.

इस्त्री करताना प्रत्येक शिलाई पट्टीच्या बाजूला वळवा. पट्टी तयार झाल्यावर अर्ध्या इंचाची राहते आणि दोन्हीकडची पाव पाव इंच मार्जिनं तिच्या पोटात नेमकी मावतात. त्यामुळे पट्टी लाकडासारखी उठून दिसते, चौकोन पातळ राहतो आणि मलमलीतून तांबडं कापड डोकावत नाही. याची दुसरी बाजू अशी की पट्टीवरून हाताचा टाका घालता येत नाही, सुई अडकते. म्हणून धावदोरा फक्त चौकोनातच घालायचा. शिंपल्यावर वाढीच्या कमानी असतात, तशी एखाद-दुसरी कमान प्रत्येक चौकोनात पुरे. एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना सुई थरांमधून सरकवायची, दोरा तोडायचा नाही. इंचाला सहा-सात टाके आले तरी उत्तम. दोरा हातभराहून लांब घेतला की गुंता होतो.

आत काय भरायचं? इथल्या हवेला जुनी सुती चादर किंवा फ्लॅनेलचा एकच थर पुरतो. बाजारात मिळणारी पॉलिएस्टरची वॅडिंग उकडते आणि तिचे तंतू मलमलीतून बाहेर येऊन वर पांढरी लव धरते. गोधडीला जुन्या लुगड्यांचेच थर घालायची आपली पद्धत या हवेत अजूनही सरस आहे. लुगडं वापरताना उजेडासमोर धरून बघा. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो, तो सोडून द्या.

पावसाळ्यात शिवणाऱ्यांनी थोडं वेगळं वागावं. थर जोडताना सेफ्टी पिना लावू नका. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत पिना आणि सुया कापडात राहिल्या की गंजतात आणि तो डाग निघत नाही. त्याऐवजी मध्यापासून सुरुवात करून कडेकडे जात चार-चार इंचांवर कच्चा टाका घाला. हवेत आपोआप उडणाऱ्या शाईचं पेन या दिवसांत निरुपयोगी, आखलेली रेघ टाका घालण्याआधीच गेलेली असते. पाण्याने जाणाऱ्या शाईवर इस्त्री फिरली तर ती पक्की बसते. साधा शिंप्याचा खडू बरा. खळीचं म्हणाल तर ती कापडात राहिली की कसर लागते आणि बुरशीही आधी तिथेच धरते. तयार वाकळ प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा आणि उघडीप मिळाली की वारा द्या.

तांबडं कापड, विशेषतः कुणबी साडीचे चौकडे वापरणार असाल, तर रंग सुटतो का ते आधी बघा. ओल्या पांढऱ्या कपड्याने जोरात घासा. डाग पडला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवत राहा. मीठ घातल्याने रंग पक्का होतो ही समजूत सोडलेली बरी.

खिडकी जमली की दुसरा नमुना उसगाळीमळचा. सांगे तालुक्यात रिवणजवळ, कुशावती नदीच्या काठच्या जांभ्या कातळावर प्रागैतिहासिक कोरीव चित्रं आहेत. बैल, हरणं, माणसं आणि एक चक्रव्यूह. १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेस आली. इथे जायची वेळ सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. प्रकाश तिरपा असला की खाचा दिसतात, दुपारी बाराला सपाट कातळाशिवाय काही दिसत नाही. पावसाळ्यात शेवाळ असतं आणि नदीही भरलेली, तेव्हा टाळावं. खाचांत खडू भरून फोटो काढणं किंवा कागद ठेवून ठसा घेणं करू नका, चपला घालून चित्रांवर चालूही नका.

कापडावर सात फेऱ्यांचा प्रचलित चक्रव्यूह आखणं सोपं आहे. मध्ये अधिकचं चिन्ह, त्याच्या चार कोनांत चार काटकोन आणि बाहेरच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके. शेजारच्या टोकांत पाऊण इंचाचं अंतर ठेवा. अधिकचं वरचं टोक त्याच्या उजवीकडच्या पहिल्या टोकाला कमानीने जोडा. मग डावीकडचं पुढचं टोक उजवीकडच्या पुढच्या टोकाला, असं करत खालपर्यंत या. आठ कमानींत आकृती पुरी होते, साधारण १२ इंचांची. त्यासाठी १६ इंचांचा साधा चौकोन घ्या. टाके आतल्या कमानीपासून बाहेर घालायचे. बाहेरून सुरुवात केली तर कापड मध्यात गोळा होऊन फुगा येतो. वळणावर कापड तिरप्या धाग्यात ताणलं जातं, म्हणून भरतकामाची रिंग थोडी सैल ठेवा.

मशीन नसेल तर सिद्दी बायकांची कवंदी ही हाताने शिवलेली वाकळ बघण्यासारखी आहे. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज पलीकडे उत्तर कन्नडात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या भागात राहतात. त्यांच्या पद्धतीत वरचा थर वेगळा जोडत नाहीत. अस्तर पसरून एका कोपऱ्यातून सुरू करायचं, तुकड्याची कड आत दुमडायची आणि कडेला समांतर धावदोरा घालत गोल फिरत मध्याकडे यायचं. वाटेत लागेल तसा नवा तुकडा सरकवायचा. कोपऱ्यांत दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. यात चूक एकच होते, पण मोठी. बाहेरच्या फेऱ्यांत दोरा ओढून घेतला की कडा आवळतात, मधलं कापड जास्त उरतं आणि वाकळ टोपलीसारखी खोलगट होते. दर दोन फेऱ्यांनंतर ती जमिनीवर पसरून हाताने मध्याकडे सपाट करत जा.

धावदोऱ्याच्या उभ्या रेघांसाठी चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात जावं. रायबंदरहून फेरीबोटीने जाता येतं. अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर आहे. भरती-ओहोटीची वेळ बघून निघा, कांदळवनाची चिखलातून उभी वर येणारी श्वासमुळं ओहोटीलाच उघडी पडतात. तांबडी सुर्ल्याच्या महादेव मंदिरात मंडपाच्या छताला दगडी कमळ आहे, तेही खुणावतं. पण ते जोडकामात बसवू नका, वर तुकडा लावून शिवायचं काम आहे ते. पाकळ्यांच्या मधल्या खोलगट कोनात शिलाईच्या अगदी जवळपर्यंत कात्री दिली नाही तर कापड वळतच नाही. आत उजेड कमी असतो, आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते.

जुन्या गोव्याला जाणार असाल तर रविवारची सकाळ नको, मिस म्हणजे चर्चमधली प्रार्थना चालू असते. डिसेंबरचा पहिला आठवडाही नको, ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तामुळे पाय ठेवायला जागा नसते. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. त्याच शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो, तेव्हा कापडाची खरेदी त्या दिवशी उरकता येईल.