‘टेक फाइव्ह’ (1964): काळी दोन अखेर सापडली

मागील नोंदीत ज्या प्रतीपुढे मी हात टेकले होते, ती डेव्ह ब्रुबेक क्वार्टेट या जॅझ चौकडीच्या 1964 च्या बेल्जियममधील कार्यक्रमाची चित्रफीत काल रात्री सुरात आली. त्यातील ‘टेक फाइव्ह’ या रचनेची पट्टी काळी दोन, माझ्या प्रतीत ती पांढरी दोनच्या जेमतेम वर लागत होती, म्हणजे चित्रफीत मूळ वेगापेक्षा संथ चालत होती. त्यामुळे 1966 च्या जर्मनीतील चित्रणाशेजारी ठेवून ड्रमवादक जो मोरेलो याची दोन्ही वादने मात्रेला मात्रा लावून ताडून पाहण्याचे काम तीन आठवडे अडले होते.

युरोपीय दूरचित्रवाणीची सेकंदाला 25 चित्रे कोणीतरी 24 च्या गतीने उतरवली असावीत, हा संशय पहिल्यापासून होता. तसे असेल तर वेग 4.17 टक्के वाढवायला हवा. पण पियानो नेहमीच्या 440 हर्ट्झला (मधल्या ‘ए’ स्वराची कंपनसंख्या) लावलेला आहे असे धरून मोजले की उत्तर दर वेळी 3.6 टक्केच येई, आणि त्या फरकाचा उलगडा होत नव्हता.

उलगडा केला तो ध्वनिमुद्रणात उतरलेल्या विजेच्या गुणगुणीने. बेल्जियममधील वीज 50 हर्ट्झची, म्हणजे तिच्या दुपटीची गुणगुण 100 वर मिळायला हवी. यूजीन राइटचा बास सुरू असताना ती त्याच्याखाली दडते. म्हणून टाळ्या ओसरल्यानंतरची चार सेकंदांची शांतता कापून घेतली आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रणालीत 65536 नमुन्यांचा कंपनसंख्यांचा आलेख काढला. टोक नेमके 96 वर होते! 100 चे 24/25 म्हणजे 96. संशय खरा होता. फरक पडत होता तो पियानोच 442 च्या वर लावलेला होता म्हणून.

दुरुस्ती वेग आणि सूर एकत्र बदलणाऱ्या सोयीनेच करावी. सूर कायम ठेवून वेग बदलणारी साधने झांजेचा नाद विस्कटून टाकतात, असे माझे ठाम मत आहे. आता पॉल डेस्मंडचा आल्टो सॅक्सोफोन खालच्या पट्टीतल्या टेनरसारखा जाड न वाटता पुन्हा कोरडा आणि हलका झाला आहे, आणि मोरेलोच्या वादनाखाली पियानोचा पाच मात्रांचा, 3 + 2 चा ठेका स्वच्छ मोजता येतो.

खरे तर आज तुलनेला बसणार होतो. पण हे लिहितानाच सुचले की सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या क्वार्टेटचे ऑगस्ट 1965 मधील कोंब्लें-ला-तूरचे चित्रणही बेल्जियममधलेच आहे, तेव्हा त्यातही हाच दोष असू शकतो. मोरेलो दोन दिवस थांबेल. आधी त्या प्रतीत कोल्ट्रेनचा पियानोवादक मॅकॉय टायनर याच्या पियानोआधीची शांतता शोधतो.