व्याख्यान नको, पिंजरा लावा!

जुन्नर, आंबेगाव, शिरूर ह्या पट्ट्यात बिबट्यावर बोलायला उभं राहिलं की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. आणि बोलणारा माणूस काही अडाणी नसतो, हे मी आधीच सांगून टाकतो. त्याची शेळी गेलेली असते, नाहीतर शेजारच्या वस्तीवरचं पोर. आम्ही काही मित्र मिळून गावोगावी असे कार्यक्रम करतो, फॉरेस्टचं कोणी बरोबर आलं तर ठीक, नाही आलं तर आमचे आम्ही, आणि हे सगळं करून माझं मत असं झालंय की संशोधन लोकांपर्यंत न्यायचं असेल तर सुरुवात संशोधनापासून करायचीच नाही. समोरच्याला काय विचारायचंय तिथून करायची.

आता पिंजऱ्याचंच घ्या. पिंजरा लावा म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला विज्ञानाकडे खरंच काहीतरी आहे, आणि ते ह्याच मातीतलं आहे. 2001 च्या सुमाराला जुन्नर भागात बिबटे धरून दूरच्या जंगलात सोडायचा सपाटा लागला होता. हेतू चांगलाच होता, जंगलातला प्राणी जंगलात. पण बिबट्यांवर संशोधन करणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर आकडे मांडले तेव्हा दिसलं की त्याआधी ह्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, आणि धरपकड सुरू झाल्यावर 2001 ते 2003 मध्ये ते सरासरी 17 वर गेले. उचलून नेलेलं जनावर नवख्या जागी बिथरतं, माघारी यायला बघतं, आणि इथे त्याची हद्द रिकामी झाली की दुसरं कोणीतरी येऊन बसतं.

हे मी स्लाईडवर दोन उभ्या खांबांत दाखवायचो. लोक बघायचे आणि गप्प बसायचे. मग एका गावात मागं बसलेले एक म्हातारबाबा स्वतःच म्हणाले, अहो म्हणजे कुत्र्यासारखंच की, आमच्या गल्लीतलं दांडगं कुत्रं मेलं तेव्हा आठ दिवसांत खालच्या आळीतली तीन आली आणि रात्रभर भांडत बसली. संपलं! टेरिटरी ह्या विषयावर ह्यापेक्षा सोपं मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. तेव्हापासून स्लाईड गेली आणि कुत्रं आलं, बाबांच्या नावानिशी नाही पण त्यांच्याच शब्दांत.

कुत्र्यावरून आठवलं, बिबट्या खातो काय हा लोकांचा आवडता विषय. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा गोळा करून, त्यातले केस तपासून अभ्यास झालाय, त्यात खाण्यातला वजनाने 87 टक्के वाटा पाळीव-भटक्या जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. शेळ्या त्याच्या खूप खाली. हे सांगितलं की बायका लगेच हिशोब जुळवतात, तरीच आमच्या वस्तीवर कुत्रं टिकत नाही. मग पुढचं सांगायला लागतच नाही, म्हणजे गावाबाहेर कोंबड्यांची घाण टाकली, त्यावर कुत्री वाढली, तर त्यांच्या मागोमाग कोण येणार हे लोक आपापसातच बोलायला लागतात. आपण फक्त खाली बसायचं आणि ऐकायचं. (हे जमायला मला वेळ लागला नाही असं नाही, माईक हातात असला की सोडवत नाही.)

अकोले तालुक्यातलाच कॅमेरा ट्रॅपचा, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचा, अभ्यास 2013 साली छापून आला. एका चौरस किलोमीटरला 300 च्या वर माणसं राहतात अशा शेतीच्या मुलखात, जिथं जंगल म्हणावं असं काही नाही तिथं, 100 चौरस किलोमीटरला जवळपास 5 मोठे बिबटे आणि साधारण तितकीच तरसं. शहरातल्या लोकांना हे सांगितलं तर त्यांचे डोळे मोठे होतात. गावात उलटं होतं, लोक म्हणतात एवढेच का? म्हणून आकडा नुसता टाकून चालत नाही, फोटो लागतात, आणि तेसुद्धा प्रोजेक्टरवर नाही. ए-फोर साईजचे प्रिंट काढून हातोहात फिरवले की जो तो आपल्या वस्तीमागचा ओढा, आपला पोल्ट्रीचा शेड शोधत बसतो आणि प्रश्न तिथून येतात.

आता गोष्टींचं. गोष्ट सांगा, लोक ऐकतात, असं सगळेच सांगतात. आजोबा नावाच्या बिबट्याची गोष्ट तर फारच गाजलेली, त्याच्यावर सिनेमापण निघाला. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला, काढला, गळ्यात जीपीएसची कॉलर घातली आणि माळशेज घाटात सोडला. तिथून हा गडी साधारण महिन्याभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत, रेल्वेचे रूळ ओलांडत, खाडी पोहत थेट मुंबईच्या नॅशनल पार्ककडे पोचला, आणि वाटेत एकाही माणसाला हात लावला नाही. 2011 च्या डिसेंबरमध्ये हायवेवर गाडीखाली मेला, अंगातल्या चिपवरून ओळखला.

पुण्यात ही गोष्ट सांगितली तर लोक हळहळतात. शिरूरकडच्या एका गावात सांगितली तर एक मामा उठले आणि म्हणाले, म्हणजे तुम्ही कबूल करताय की फॉरेस्टवाले तिकडचे वाघ आणून इकडं सोडतात. अख्खं देऊळ टाळ्या वाजवतंय! ही अफवा तिथं सगळीकडे आहे आणि आमच्या लाडक्या गोष्टीने तिला पुरावाच दिला. तर त्यावर सारवासारव करायची नाही असं माझं स्पष्ट मत आहे. हो, पूर्वी बिबटे एका ठिकाणी धरून दुसरीकडे सोडत होते, लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि त्याने नुकसान झालं हेच तर ह्या संशोधनातून पुढं आलं. असं सरळ सांगितलं की माणूस निदान खाली बसतो. पटतंच असं नाही. पण खोटं बोलतोय असं तरी त्याला वाटत नाही.

वाघोबाचंही तसंच. पालघरकडच्या वारली पाड्यांवरचा वाघोबा देव, वाघबारसेला म्हणजे वसुबारसेच्या दिवशी त्याला दाखवतात तो नैवेद्य, ह्यावर संशोधकांनी फार सुंदर काम केलंय, दीडशेच्या वर वाघोबाची ठाणी नोंदवलीत. मलाही ते वाचायला आवडतं. पण जिथं महिन्यापूर्वी पोर गेलंय तिथं जाऊन 'आपली संस्कृती बघा किती सहनशील' म्हणणाऱ्या वक्त्याला माझा हात जोडून नमस्कार. एकदा असं होताना बघितलंय, पहिल्या रांगेतल्या बायका पदर सावरून निघून गेल्या. गोष्ट त्यांची आहे, त्यांना सांगायची असली तर त्या सांगतील.

लोकांना विचारायचं असतं ते वेगळंच. रात्री उसाला पाणी द्यायला जायचं का नाही? कारण थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते, मोटर तेव्हाच चालू होते, आणि दारं धरायला, म्हणजे सऱ्यांमधून पाणी फिरवायला, माणूस वाकलेला असतो. वाकलेला, बसलेला माणूस किंवा लहान पोर बिबट्याला उंचीने छोटं जनावर वाटू शकतं, म्हणून मोबाईलवर गाणी लावून जा, दोघं जा, काठी-बॅटरी घ्या, पोरांना अंधारात एकटं बाहेर पाठवू नका, गोठ्याला वरून-खालून जाळी मारा हे सगळं आम्ही सांगतोच. पण दिवसा लाईट मिळाली तर ह्यातलं निम्मं सांगायलाच लागणार नाही, हे समोरच्या प्रत्येकाला कळतं, मग ते आम्ही का बोलायचं नाही? हे तुमच्या विषयाबाहेरचं झालं असं एका जाणकाराने मला सुनावलं होतं. मला नाही वाटत. एका गावात व्याख्यानानंतर तिथंच बसून दिवसा लाईट द्या म्हणून अर्ज लिहिला, त्या संध्याकाळी जेवढे प्रश्न आले तेवढे एरवी कधीच आले नव्हते.

वेळेचं एक बारीक सांगतो, कोणाला असं काही करायचं असेल तर. डेअरीला दूध घातल्यावर माणसं मोकळी होतात ती वेळ धरा आणि अंधार पडायच्या आत संपवा, बिबट्यापासून जपा असं सांगून लोकांना रात्री नऊला वस्तीवर चालत पाठवायचं म्हणजे कमालच.

आणि एक राहूनच जातंय. ह्या सगळ्यात बिबट्याला सगळ्यात जवळून भेटतात ते ऊसतोडीवाले, आणि कार्यक्रमाला त्यातलं कोणीच नसतं. दिवाळीच्या पुढंमागं बीड, पाथर्डीकडून टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, टाकतात, पोरं उघड्यावर झोपलेली असतात. तोडताना सरीत बिबट्याची पिल्लं सापडतात तीही त्यांनाच. पिल्लं दिसली तर हाताळायची नाहीत, फॉरेस्टला फोन करायचा, ते त्याच जागी पिल्लं ठेवतात आणि बहुतेक वेळा अंधार पडल्यावर मादी येऊन तोंडात धरून घेऊन जाते, ह्याचे व्हिडिओ आमच्याकडे आहेत. ते आम्ही दाखवतो कोणाला, तर समाजमंदिरात खुर्चीवर बसलेल्या बागायतदारांना! यंदा म्हणून कोप्यांवरच जायचं ठरवलंय, प्रोजेक्टर नाही काही नाही, मोबाईल आणि ते प्रिंट. एका मुकादमाशी बोलून झालंय. तो म्हणाला या की, पण अर्ध्या तासाच्या वर नको, पहाटे कोयता घेऊन फडात उतरायचं असतं, आणि आधी सांगा, कोपीला दार कसं करायचं ते दाखवणार आहात का.