240पी ते 480आय: काळा पडदा गेला, हिसका उरला

मागील नोंद ज्या तक्रारीवर थांबली होती, ती आता दूर झाली आहे. पहिल्या प्लेस्टेशनवर ‘क्रोनो क्रॉस’ खेळताना मेन्यू उघडला की पडदा काळा पडत नाही. बटण दाबताच मेन्यू समोर येतो आणि बंद करताच खेळ जिथल्या तिथे सुरू होतो. मात्र या सुखाच्या बदल्यात चालत्या खेळात चित्राला अधूनमधून एक बारीक हिसका बसू लागला असून, या नोंदीतील बरीचशी जागा त्यालाच द्यावी लागणार आहे.

मूळ त्रास काय होता, हे ज्यांनी हा खेळ आधुनिक टीव्हीवर खेळला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. मेन्यूचे बटण दाबले की चित्र नाहीसे होई आणि कोपऱ्यात ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येई. आवाजाची तार मी कन्सोलमधून थेट स्पीकरला जोडली असल्यामुळे मेन्यू उघडल्याचा आवाज वेळेवर ऐकू येई, पण मेन्यू दिसायला आणखी दोन-तीन सेकंद लागत. बाहेर पडताना पुन्हा तेच. ज्या खेळात प्रत्येक मोठ्या लढाईआधी एलिमेंट्सची (लढाईत वापरायच्या जादूशक्तींची) मांडणी बदलावी लागते, तिथे हा विलंब इतका जाचक होतो की खेळाडू मेन्यूत जाण्याचेच टाळू लागतो. मी तेच करू लागलो होतो, आणि त्यामुळे खेळाचा सर्वांत विचारपूर्वक रचलेला भाग माझ्यासाठी निरर्थक होत चालला होता.

पहिला संशय तारेवर होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. ‘लुमा सिंक’ म्हणजे सिंक (चित्राची वेळ जुळवणारा इशारा) फक्त उजेडाच्या सिग्नलवरून घेणारी, असे सांगून विकल्या गेलेल्या स्कार्ट (अनेक पिनांच्या जुन्या जोडणीच्या) तारेचे डोके उघडून मल्टिमीटर लावला, तेव्हा 20 क्रमांकाच्या पिनेवर कन्सोलचा कॉम्पोझिट व्हिडिओच (उजेड, रंग आणि सिंक एकत्र असलेला सिग्नल) जोडलेला निघाला. सिंकच्या तारेतून रंगाची माहितीही धावत असल्यामुळे सपाट रंगाच्या भागावर बुद्धिबळाच्या पटासारखी फिकट चौकटींची नक्षी उमटत होती, तिचा उलगडा त्यातून झाला. तार लुमाच्या पिनेवर डाखून घेताच ती नक्षी गेली. विक्रेत्याचे नाव इथे घेत नाही, पण स्कार्टची तार विकत घेताना वेष्टनावरील शब्दांपेक्षा मल्टिमीटरच्या आवाजावर विश्वास ठेवावा, हे माझे मत आता पक्के झाले आहे. (लाल, हिरवा, निळा वेगळे पाठवणाऱ्या स्वच्छ आरजीबीमुळे प्लेस्टेशनचे डिदरिंग, म्हणजे ठिपक्यांनी रंगछटा भासवण्याची युक्ती, ठिपक्या-ठिपक्याने दिसू लागते, तसेच सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरील पहिल्या ‘सॉनिक’मधला धबधबा उभ्या पट्ट्यांचा दिसतो. तो कॉम्पोझिटच्या धूसरपणात पारदर्शक दिसावा, अशीच त्याची रचना होती. ‘सर्वांत स्वच्छ चित्र तेच खरे चित्र’ असे मानणाऱ्यांनी याचा एकदा विचार करावा.) काळ्या पडद्यावर मात्र नव्या जोडणीचा काडीचाही परिणाम झाला नाही.

खरे कारण सिग्नलच्या घडणीत आहे. एनटीएससी या अमेरिका-जपानमधील टीव्ही पद्धतीत एका पूर्ण फ्रेमच्या 525 ओळी दोन फील्डमध्ये (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांत) वाटलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक फील्डला दोनशे साडेबासष्ट, अर्थात 262.5 ओळी येतात. त्या अर्ध्या ओळीमुळेच दुसरे फील्ड पहिल्याच्या फटींमध्ये बसते आणि 480आय तयार होते. जुन्या कन्सोलांनी ही अर्धी ओळ काढून टाकली, फील्डला पूर्ण ओळी दिल्या आणि प्रत्येक फील्ड आधीच्याच जागी उमटवले. तेच आपले 240पी. प्लेस्टेशन 240पीमध्ये 263 ओळी पाठवते. आपल्यापैकी बहुतेकांचे लक्ष ‘इंटरलेस आहे की नाही’ एवढ्यावरच असते, पण ओळींचा वेग तोच राहून ओळींची संख्या बदलली की रिफ्रेश रेटही (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढले जाते तो आकडा) बदलतो, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. 480आयमध्ये तो 59.94 हर्ट्झ असतो, तर 240पीमध्ये सुमारे 59.83. सीआरटीला, म्हणजे जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीला, याचे काहीच वाटत नाही. उभ्या सिंकचा इशारा येईल तेव्हा त्याचा किरण वर परततो आणि पुढील ओळ काढू लागतो; ‘मोड बदलला’ ही कल्पनाच त्याच्या ठायी नाही. एचडीएमआयच्या टीव्हीला मात्र वेग बदलला की जुळणी पहिल्यापासून करावी लागते आणि तेवढा वेळ तो पडदा काळा ठेवतो.

मग खेळ घडवणाऱ्यांनी मुळात दोन मोड का वापरले? कन्सोलच्या ‘ताकदी’वर वाद घालताना आपण जे आकडे फेकतो, त्यांत याचे उत्तर सापडत नाही, ते व्हीरॅमच्या (चित्रासाठी राखलेल्या स्मृतीच्या) हिशेबात आहे. प्लेस्टेशनची व्हीरॅम 1024 किलोबाइट. 320 बाय 240 आकाराची, 16 बिटांची एक फ्रेम 150 किलोबाइट घेते. एक पडद्यावर दिसत असताना दुसरी मागे काढली जात असल्यामुळे दोन फ्रेमना 300 किलोबाइट लागतात, आणि टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रे), पॅलेट (रंगांच्या याद्या) यांच्यासाठी 724 किलोबाइट उरतात. हाच हिशेब 640 बाय 480 साठी मांडला, तर एकच फ्रेम 600 किलोबाइटची होते आणि दोन मिळून व्हीरॅमच्या बाहेर जातात. म्हणून धावपळीचा त्रिमित खेळ 240पीमध्ये, आणि जिथे हालचाल नसल्याने एका बफरवर भागते व बारीक अक्षरे स्पष्ट दिसणे महत्त्वाचे असते, तो मेन्यू 480आयमध्ये, ही निवड मला अत्यंत शहाणपणाची वाटते. ‘टेकन 3’ने लढतीच 480आयमध्ये दाखवून या चौकटीतून वेगळी वाट काढली, हेही कौतुकास्पद आहे; पण ती वाट खुल्या नकाशांच्या खेळांना परवडणारी नव्हती.

निन्टेन्डो 64 चा प्रोसेसर 93.75 मेगाहर्ट्झचा आणि प्लेस्टेशनचा 33.87 मेगाहर्ट्झचा, म्हणून पहिला जवळजवळ तिप्पट ताकदवान, असे अजूनही ठामपणे सांगणारे भेटतात. त्या यंत्राची टेक्स्चरसाठीची जवळची स्मृती अवघी 4 किलोबाइट होती, हे ते विसरतात. प्लेस्टेशनच्या भिंती जवळ गेल्यावर वाकड्या होतात हे खरे, कारण टेक्स्चर बसवताना ते खोलीचा हिशेब धरत नाही. पण त्या भिंतींवर काय लिहिले आहे ते निदान वाचता येते. दोन्ही यंत्रांचे दोष त्यांच्या घडणीतून आले आहेत, मेगाहर्ट्झमधून नव्हे, आणि मला विचाराल तर वाकडी भिंत पुसट भिंतीपेक्षा कधीही बरी.

आता उपायाकडे वळतो. कन्सोलचे चित्र एचडीएमआयसाठी बदलून टीव्हीला देणारा माझा स्केलर आतापर्यंत फ्रेम लॉकवर चालत होता, म्हणजे बाहेर जाणाऱ्या चित्राचा वेग तो कन्सोलच्या वेगाशी बांधून ठेवत असे. यात विलंब सर्वांत कमी आणि हालचाल पूर्णपणे सलग असते, म्हणून जाणकार हीच सेटिंग सुचवतात. पण कन्सोलने वेग बदलला की स्केलरही वेग बदलतो, आणि टीव्ही बिचारा पुन्हा जुळणीला लागतो. फ्रेम लॉक काढून आउटपुट 60 हर्ट्झवर स्थिर केले आणि फ्रेम बफरमधून चित्र पाठवायला सांगितले, तेव्हा टीव्हीच्या दृष्टीने काही बदलतच नाही; आतली सगळी खळबळ स्केलर स्वतःवर घेतो. मोड बदलताना एखादे फील्ड विस्कटलेले दिसते, बस्स. मेन्यूतील अक्षरे 480आयमध्ये किती रेखीव काढली आहेत, हे मला यानिमित्ताने प्रथमच निवांतपणे पाहता आले. एलिमेंट्सच्या चौकटींच्या कडा आणि त्यांमधील छोटी चिन्हे 240पीमध्ये अशी उमटलीच नसती. बफरमुळे विलंब वाढतो, पण तो फार तर एका फ्रेमचा, म्हणजे सुमारे 16.7 मिलिसेकंदांचा. पाळीपाळीने चालणाऱ्या लढायांत तो जाणवण्याचे कारण नाही.

जाणवला तो हिसका. ‘क्रोनो क्रॉस’मध्ये तो लक्षातही आला नसता, पण त्याच सेटिंगवर ‘कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट’ लावला आणि लांबलचक दालनातून पात्र सरळ धावू लागले, तेव्हा मागचे खांब एकसारखे सरकता सरकता क्षणभर अडखळले, पुन्हा सरकू लागले, आणि काही वेळाने पुन्हा अडखळले. कारण साधे आहे: कन्सोल सेकंदाला 59.83 फ्रेम देतो आणि टीव्ही 60 मागतो, त्यामुळे दर पावणेसहा सेकंदांच्या सुमारास बफरला एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. आउटपुट 59.94 वर आणले तर हे अंतर पावणेनऊ सेकंदांपर्यंत वाढते, इतकेच. एकदा तो हिसका डोळ्यांना सापडला की मग डोळे त्याचीच वाट पाहू लागतात, आणि त्यानंतर खेळात मन रमणे कठीण होते.

डीइंटरलेसिंगचा (दोन फील्डमधून पूर्ण चित्र जुळवण्याचा) मुद्दा थोडक्यात उरकतो. 240पीला 480आय समजण्याची चूक माझा जुना टीव्ही थेट जोडणीत करत असे, स्केलर करत नाही. मेगा ड्राइव्हवर चालवलेल्या 240पी टेस्ट सूट या तपासणीच्या प्रोग्रॅममधील सावलीच्या चाचणीत एकाआड एक फ्रेममध्ये दिसणारी सावली व्यवस्थित लुकलुकते, गायब होत नाही किंवा तिच्यात कंगव्यासारख्या रेघाही पडत नाहीत. मेन्यूसाठी मी बॉबऐवजी (प्रत्येक फील्ड ताणून वेगळे दाखवण्याऐवजी) हालचाल ओळखणारी पद्धत ठेवली आहे, कारण स्थिर अक्षरे बॉबमध्ये थरथरतात.

या सगळ्या खटाटोपात नव्या कन्सोलांविषयीचे माझे एक मत अधिकच घट्ट झाले. प्लेस्टेशन 5 चे 10.28 टेराफ्लॉप्स (गणनाशक्तीचे माप) आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सचे 12 यांवर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या अर्धीही फ्रेम आणि रिफ्रेश यांच्या नात्यावर झाली नाही. 2021 मध्ये ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’ला 40 फ्रेमचा पर्याय मिळाला, तो 120 हर्ट्झच्या पडद्यावर तीन-तीन रिफ्रेशमध्ये बरोबर बसतो. प्रत्येक फ्रेम 25 मिलिसेकंदांची, म्हणजे 30 आणि 60 यांच्या नेमकी मधली. यंत्र तेच, ताकद तीच, पण पडद्याशी हिशेब जुळवल्यामुळे खेळ हाताला हलका लागतो. ‘परफॉर्मन्स’ आणि ‘क्वालिटी’ या दोनच पाट्या लावून निर्णय खेळाडूवर ढकलणाऱ्या खेळांपेक्षा ही रचना मला कितीतरी प्रामाणिक वाटते.

पुढची योजना अशी ठरवली होती की स्केलरमध्ये दोन प्रोफाइल ठेवावीत: मोड बदलणाऱ्या खेळांसाठी बफरचे, आणि सलग सरकणाऱ्या खेळांसाठी फ्रेम लॉकचे. व्हीआरआरचाही, म्हणजे टीव्हीचा रिफ्रेश रेट येणाऱ्या चित्राप्रमाणे बदलू देणाऱ्या सोयीचाही, विचार केला. त्यात पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) स्थिर राहून दोन फ्रेममधील मोकळा वेळ कमी-जास्त होतो, त्यामुळे 59.83 वरून 59.94 वर जाताना टीव्हीला पुन्हा जुळणी करावी लागू नये. माझा टीव्ही ते स्वीकारतो, पण माझा स्केलर देत नाही, आणि एका हिसक्यापायी नवा स्केलर घेणे मनाला पटत नाही.

मात्र वरचे आकडे लिहून काढतानाच एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली. आउटपुट 60 किंवा 59.94 वरच स्थिर ठेवले पाहिजे, असे कुठे आहे? ते 240पीच्याच वेगावर, म्हणजे 59.83 वर स्थिर केले, तर खेळ चालू असताना बफर आणि कन्सोल जवळजवळ एका चालीने चालतील, आणि उरलेला फरक दोन क्रिस्टलांमधील सूक्ष्म तफावतीएवढाच असल्यामुळे फ्रेम दोनदा दाखवण्याची वेळ मिनिटांच्या अंतराने येईल. फ्रेम गाळण्याची पाळी 480आयवर, म्हणजे मेन्यूवर येईल. पण मेन्यूत मुळात काही सरकतच नसल्यामुळे गाळलेली फ्रेम कोणाला दिसणार? टीव्ही हा वेग स्वीकारतो, याचीही खात्री करण्याची गरज नाही, कारण फ्रेम लॉकवर असताना तो 59.83 चेच चित्र दाखवत होता. त्यामुळे दोन प्रोफाइलांचा बेत तूर्त बाजूला ठेवला आहे. स्केलरमध्ये स्वतःची मोडलाइन (आउटपुटच्या आकाराचे व वेगाचे आकडे) भरता येते. 1080पीसाठी एकूण 2200 बाय 1125 ची चौकट तशीच ठेवून पिक्सेल क्लॉक 148.5 मेगाहर्ट्झवरून 148.07 वर आणावा लागेल. स्केलरचा क्लॉक इतक्या बारीक पायरीने बदलतो की नाही, हे आधी पाहणार आहे, आणि तो बदलला तर त्याच दालनातून पात्राला पुन्हा धावत नेऊन खांबांकडे बघत बसणार आहे.