क्यू उपसण्याचा दिवस
पोस्टफिक्स या मेल सर्व्हरची क्यू (पाठवायच्या मेलची रांग) आज मेलर-डीमनच्या बाउन्सनी, म्हणजे सर्व्हरनेच आपोआप धाडलेल्या ‘मेल पोचला नाही’ अशा निरोपांनी तुंबलेली. कारण नेहमीचंच: सर्व्हर आधी कुठल्याही पत्त्याचा मेल घेतो, मग मेलबॉक्सच नाही म्हणून बाउन्स धाडतो. स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा, त्यामुळे तो बाउन्स भलत्याच्या माथी, नाहीतर ५ दिवस क्यूत पडून. ‘बाउन्स क्यू लाइफटाइम’ (बाउन्स क्यूत किती काळ ठेवायचा ती मर्यादा) १ दिवसावर आणला की गर्दी कमी दिसते, पण ती मलमपट्टी. खरा उपाय दारातच: ‘आरसीपीटी टू’ (मेल कुणासाठी ते सांगणारी आज्ञा) येताच, मेलबॉक्स नसेल तर ५५० ५.१.१ (‘असा पत्ता नाही’ हा कोड) देऊन नकार. बॅकअप एमएक्सलाही (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा पर्यायी सर्व्हर) वैध पत्त्यांची यादी द्या. हमखास तिथेच गळतं. आणि रिकाम्या प्रेषकाचे (पाठवणाऱ्याचा पत्ता कोरा असलेले) मेल सरसकट अडवू नका हो! खरे बाउन्सही त्याच वाटेने येतात.