शेपटीवाल्यांनी जागा बदला!

संगीत खुर्चीच्या तिसऱ्या फेरीत ऑक्टोपस बाद झाला आणि त्याने भोकाड पसरलं. त्याच्या आईने जुन्या मोज्यांत कापूस भरून सहा जादा हात शिवले होते. तो बसायला गेला की ते हात मध्ये यायचे आणि ते सावरेपर्यंत खुर्ची गेलेली असायची. पहिल्या फेरीत बाद झालेली परी आधीच कोपऱ्यात बसली होती. तिचा एक तारेचा पंख खुर्चीच्या पाठीत अडकून वाकला होता. दुसऱ्या फेरीत डायनासोर गेला. कारण अर्थातच शेपटी. म्हणजे ज्यांच्या घरी पोशाखावर सगळ्यात जास्त मेहनत झाली होती, तीच तीन मुलं मी पाच मिनिटांत बाहेर बसवली. आणि जिंकला कोण? रोजच्या टी-शर्ट-चड्डीत 'फुटबॉलपटू' म्हणून आलेला मुलगा.

लेकीचा सहावा वाढदिवस होता. वेशभूषेची पार्टी हवी हा तिचा हट्ट, आणि खेळ मी ठरवणार हा माझा. मी आपली नेहमीच्या वाढदिवसाला खेळतात त्या खेळांची यादी काढली आणि निर्धास्त झाले. मुलं वेगळे कपडे घालून येणार म्हणजे खेळही वेगळे लागतील, हे डोक्यातच आलं नाही.

संगीत खुर्चीचा हिशोब मी रात्री खरकटी भांडी घासताना मांडला. 14 मुलं, 13 खुर्च्या. पहिल्याच फेरीत जो बाद झाला, त्याने उरलेल्या 12 फेऱ्या बघत बसायचं. एक फेरी दीड मिनिटाची धरली तरी 18 मिनिटं झाली. सहा वर्षांच्या मुलासाठी 18 मिनिटं म्हणजे जन्म गेला. त्या वेळात बाद झालेल्यांनी पडदे ओढले, एकमेकांच्या तलवारी पळवल्या आणि भांडणं उकरून काढली. त्यांचं तरी काय चुकलं?

बाकीचे खेळही धड गेले नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधून शेपूट चिकटवण्याच्या खेळात निम्म्या मुलांनी मुखवटा काढायला साफ नकार दिला. मुखवट्यावरून पट्टी बसेना, आणि बसली तर एका फटीतून सगळं दिसायचं. लिंबो, म्हणजे पाठीत मागे वाकून काठीखालून जायचं, तो त्रिनिदादचा खेळ, घोळदार झग्यातल्या राजकन्यांना जमेना. त्या झगा गोळा करून सरळ रांगत गेल्या. वर 'आमच्या राज्यात असंच करतात' म्हणाल्या.

फुगे फोडण्याच्या खेळाने मात्र मला खरा घाम फोडला. पाहुण्यांपैकी एकाचं दोन वर्षांचं धाकटं भावंड जमिनीवर बसून काहीतरी चघळत होतं. तोंडात बोट घालून काढलं तर फुटलेल्या फुग्याचा निळा तुकडा. रबराचा तो पातळ तुकडा घशात गेला की श्वासाच्या वाटेवर चपखल बसतो आणि खोकून निघत नाही. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालील मुलांसाठी घुसमटीचा इशारा छापणं सक्तीचं आहे, ते उगीच नाही. तेव्हापासून आमच्याकडे फुगे उंच बांधलेले असतात, फोडायला नसतात. एखादा आपणहून फुटलाच तर आधी तुकडे गोळा, मग पुढचा खेळ.

पुढच्या वर्षी लेक म्हणाली, 'आई, परत वेशभूषेचीच.' मी हो म्हणाले. पण या वेळी यादी नंतर, पोशाख आधी. निमंत्रण देतानाच प्रत्येकाच्या आईबाबांना हळूच तीन गोष्टी विचारल्या. मागे काही लोंबतंय का, चेहरा झाकलेला आहे का, आणि शू करायला जायचं झालं तर पोशाख कुठून उघडतो? तिसऱ्या प्रश्नाला सगळे हसले. मी हसले नाही, कारण आदल्या वर्षी पाठीला चेन असलेल्या अंतराळवीराला वेळेत सोडवताना माझी जी धावपळ झाली होती ती माझी मलाच माहीत. म्हणून या खेपेला दर अर्ध्या तासाला 'पाणी आणि शू' अशी सुट्टीच जाहीर केली. पाण्याचं तितकंच महत्त्वाचं. नायलॉनच्या त्या पोशाखांत हवा खेळत नाही, पोरं नाचून नाचून लालबुंद होतात आणि सांगत कोणीच नाही.

दारातच एक खोका ठेवला होता. त्यात टोप्या, ओढण्या, जुने चष्मे (काचा काढलेले), माझा एक विटका झगा. पोशाखाशिवाय आलेल्या, किंवा पोशाख टोचतो म्हणून पाचव्या मिनिटाला काढून टाकणाऱ्या मुलांसाठी. अशी दोन-तीन असतातच. सगळे जमेपर्यंत जी वीस मिनिटं जातात, त्यात आधी आलेली मुलं याच खोक्यात रमली. त्यासाठी वेगळा खेळ लागलाच नाही.

संगीताचं बटण माझ्या भावाकडे दिलं होतं. त्या दिवशी तो 14 मुलांचा मामा झाला आणि अधूनमधून त्यांनी त्याला मामा बनवलंही.

पहिला खेळ ठेवला स्टॅच्यू. गाणं वाजेपर्यंत नाचायचं, थांबलं की आपण जे होऊन आलोय त्याच्या रुबाबात गोठायचं. सिंहाने पंजा उगारून, डॉक्टरने नाडी धरून. या खेळात पोशाख आडवा येत नाही, उलट तोच खेळायला लागतो. हलला त्याला बाद मात्र केलं नाही. तो संग्रहालयाचा रखवालदार व्हायचा आणि हात न लावता बाकीच्या पुतळ्यांना हसवायचा. झालं काय, की रखवालदार होण्यातच जास्त मजा आहे हे पोरांना दोन फेऱ्यांत कळलं आणि सगळे मुद्दाम हलायला लागले. शेवटी एकटी भुताच्या चादरीतली मुलगी पुतळा उरली आणि तेरा रखवालदार तिच्याभोवती माकडचाळे करत होते. चादरीच्या आत ती हसत होती की नाही, कोणाला कळणार?

मग त्या दिवसाचा राजा खेळ. लेकीने त्याचं नाव ठेवलं 'शेपटीवाले'. सगळे गोल करून आपापल्या खुणेवर उभे राहतात, मध्ये एकजण असतो आणि त्याला खूण नसते. तो ओरडतो, 'शेपटीवाल्यांनी जागा बदला!' ज्यांना शेपटी आहे ते दुसऱ्याच्या खुणेवर पळतात, तेवढ्यात मधला एखादी खूण पटकावतो आणि ज्याला जागा मिळत नाही तो मध्ये येतो. मग 'डोक्यावर काहीतरी असलेल्यांनी', 'उडता येणाऱ्यांनी', 'ज्यांची लोकांना भीती वाटते त्यांनी'. यात कोणी बाद होत नाही, आणि खेळायचं तर एकमेकांचे पोशाख नीट बघावे लागतात. वाद तर इतके सुरेख झाले! पेंग्विनला उडता येतं का? पंख आहेत तर मग का नाही? डॉक्टरची भीती वाटते का? एकमताने वाटते असं ठरलं आणि डॉक्टर पळाली.

इथे माझी एक चूक झाली. खुणा म्हणून मी फरशीवर वर्तमानपत्राचे चौकोन ठेवले होते. पहिल्याच धावेत समुद्री चाचा कागदासकट सर्रकन घसरला आणि दाणकन बसला. लागलं नाही, पण मी खेळ थांबवला, कागद उचलले आणि खडूने गोल काढले. त्याचबरोबर ज्यांच्या पायात फक्त मोजे होते त्यांचे मोजे उतरवले. हे आधी सुचायला हवं होतं.

मुखवट्यांसाठीही पळापळीच्या खेळाआधी एक नियम केला, मुखवटा कपाळावर. मुखवट्यातून समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, आणि टक्कर बाजूनेच होते. तलवारी, कांड्या आणि जादूगाराची छडी छत्रीच्या स्टँडमध्ये जमा. यावर बरीच कुरकुर झाली. मग मामाने प्रत्येक हत्याराची कागदावर पावती लिहून दिली आणि पावती मिळते म्हटल्यावर ज्यांच्याकडे हत्यार नव्हतं तेही काहीतरी जमा करायला धावले.

टॉयलेट पेपर गुंडाळून ममी करायचा खेळ सगळ्यांना माहीत असेल. त्यात मुलांना गुंडाळलं तर त्यांचे पोशाख झाकले जातात, म्हणून आम्ही मोठ्यांना गुंडाळलं. तीन गट, तीन ममी, गटाला दोन-दोन रोल, गळा आणि चेहरा मोकळा सोडायचा. आजोबांनी खुर्चीत बसूनच ममी होणं पत्करलं आणि पाच मिनिटांत डुलकी काढली, त्यामुळे सर्वात अस्सल ममी म्हणून त्यांचाच गट जिंकला. पेपर सारखा तुटतो, आणि खरी मजा त्यातच आहे. उचलाउचल मात्र नंतर अर्धा तास पुरते.

सगळ्यात छान पोशाखाला बक्षीस ठेवायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. ते बक्षीस मुलाला नसतंच, घरी रात्री जागून शिवणाऱ्याला असतं. (आणि जागणाऱ्यांत मीही आहे, त्यामुळे हे जरा जड मनाने लिहितेय.)

मुलं दमल्यावर पुडक्याचा खेळ घेतला. वर्तमानपत्राच्या पंधरा घड्या, प्रत्येक घडीला सुतळी. गोलात बसून आळीपाळीने फासा टाकायचा. सहा पडले की टोपी, मफलर आणि जाड हातमोजे चढवायचे आणि मोजे घातलेल्या हातांनी पुडकं सोडायला लागायचं, दुसऱ्या कोणाला सहा पडेपर्यंत. सहा पडायला सरासरी सहा फेक लागतात, म्हणून 14 जणांचा एक गोल न करता सात-सातचे दोन केले, नाहीतर पाळी यायला युग लागतं. मुकुटावर टोपी घालताना राजकन्येची जी तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती. आत सगळ्यांना पुरतील एवढे स्टिकर होते. शेवटची घडी कोणी सोडली याला काहीच किंमत नव्हती, तरी ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

अंधार पडल्यावर सावल्या. दोरीवर पांढरी चादर ताणली, मागे टेबलावर एक छोटा दिवा. ट्यूबलाइट चालत नाही, तिचा उजेड लांब नळीतून येतो आणि सावलीच्या कडा विरघळतात. छोटा, उघडा बल्ब असला की सावली ठसठशीत पडते. दिव्याजवळ गेलं की सावली राक्षसाएवढी होते, चादरीजवळ आलं की आपल्याएवढी. एकेकाने मागून जायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. पंख, शेपट्या, मुकुट, सगळे पटापट ओळखू आले. मग मुलं शहाणी झाली. कोणी पंख मिटून गेलं, कोणी दोघं मिळून एक प्राणी केला.

शेवटी ऑक्टोपस आला. तोच मागच्या वर्षीचा, त्याच सहा हातांचा, फक्त त्यातल्या एकातला कापूस गळलेला. तो दिव्याजवळ उभा राहिला, सगळे हात वर धरले आणि हलकेच हलवायला लागला. चादरभर फांद्या पसरल्या. 'झाड!' 'वादळातलं झाड!' 'झाडावर भूत!' एक मिनिटभर कोणालाच येईना. आणि मग पलीकडून त्याचा खुशीत फुटलेला आवाज आला, 'हरलात ना? सांगू?'