तुमचा प्रांत

वहिनी रागाने बोलली नाही, हे आधी लिहून ठेवते. "ताई, गोळ्यांचं माझ्याकडेच राहू द्या आता, तो तुमचा प्रांत नाही." एवढंच म्हणाली आणि मग चहा टाकला, आलं किसून, मला लागतो तसा. रविवारची गोष्ट. आज बुधवार संपत आला तरी ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

झालं असं की आईचा गोळ्यांचा डबा उघडला, तर बीपीची अर्धी गोळी रात्रीच्या खणात दिसली. आई ती कायम सकाळी घेते, म्हणजे माझ्याकडे होती तेव्हा घ्यायची, म्हणून मी सोमवारपासून शनिवारपर्यंतच्या सगळ्या अर्ध्या गोळ्या उचलून सकाळच्या खणात टाकल्या. सुरीने कापलेल्या, त्यामुळे बोटांना पांढरी पूड लागली होती. डॉक्टरांनी मागच्या महिन्यात वेळ बदललीये हे मला माहीतच नव्हतं. कुणी सांगितलं नाही. दादा तरी सांगू शकला असता, पण जाऊ दे.

प्रांत! 23 वर्षं प्रांत ऑफिसात काढली मी. बाहेर बोर्डावर उपविभागीय अधिकारी लिहिलंय, पण येणारा प्रत्येक माणूस विचारतो, प्रांतसाहेब आहेत का? तोच शब्द घरात असा लागेल असं वाटलं नव्हतं. परवा रात्री झोप येईना तेव्हा एकेक शब्द आठवत बसले. तलाठ्याची सजा, सर्कलचं मंडळ, पोलिसांची हद्द. फॉरेस्टवाल्यांचं वनपरिक्षेत्र, त्यात वनपालाचं परिमंडळ, आणि खाली वनरक्षकाचं नियतक्षेत्र, ज्याला ते सगळे बीटच म्हणतात. अगदी "तो माझा विषय नाही" म्हणतो ना आपण, तर जुन्या ताम्रपटांत विषय म्हणजे जिल्ह्याएवढा मुलूख असायचा आणि त्याच्यावरचा अधिकारी विषयपती. म्हणजे अधिकार म्हटलं की आपल्याला जमीनच आठवते. कुठेतरी रेघ मारलेली असते आणि तुम्ही एकतर आत असता नाहीतर बाहेर. मी बाहेर. ज्या आईला दीड वर्ष भरवलं, उठवलं, बसवलं, तिच्या डब्याच्या बाहेर.

आज दुपारी एक आजोबा आले होते. बांधाची मोजणी करून द्या म्हणून अर्ज. मोजणी आमच्याकडे नसते, भूमी अभिलेखकडे असते, हे दिवसातून दोनदा तरी सांगावं लागतं. मी सवयीने टाइप केलं, "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने." अखत्यार शब्द अरबीतून आलाय, मुळात त्याचा अर्थ निवड, पसंती. आमच्या पत्रांत पसंती कुणाचीच नसते. आजोबांनी कागद घेतला, चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "मग कुणाकडं जाऊ, बाई?" वाद नाही, काही नाही. मला एकदम रविवारची मी आठवले, पूड लागलेली बोटं घेऊन उभी. माहिती अधिकारात निदान कलम 6(3) आहे, अर्ज चुकीच्या ठिकाणी आला तर 5 दिवसांच्या आत ज्याचा विषय त्याच्याकडे पाठवावाच लागतो, माणसाला हिंडवायचं नाही. साध्या अर्जाला तेवढं कुणी करत नाही. मी पण आजवर करत नव्हते. आज चिठ्ठीवर कोणता मजला, कोणती खिडकी, काय काय जोडायचं सगळं लिहून दिलं.

आणि मग बसमध्ये लक्षात आलं की आईला दादाकडे सोडताना मी वहिनीला असं काहीच लिहून दिलं नव्हतं. आईला मोठी गोळी कोरड्या घशाने जात नाही, आधी दोन घोट कोमट पाणी लागतं. कॅल्शियमची चहाबरोबर द्यायची नाही. रात्री पायाखाली उशी नसेल तर ती सांगत नाही, नुसती कुशी बदलत राहते. हे सगळं माझ्याजवळच ठेवलं मी, आणि ती चिडून नाही तर घाबरून बोलली असणार, डबा उलटापालटा झालेला बघून. बीपीची गोळी आहे ती. चुकीच्या वेळी गेली असती तर मी काय केलं असतं?

आणखी एक सुचलं. एखादी गोष्ट चांगली येते त्याला जे शब्द आहेत त्यांत जमीन सापडतच नाही. हातखंडा, हातोटी, हात बसलाय, त्यात तिचा हात कुणी धरणार नाही, सगळीकडे हात. नाहीतर पाणी. पारंगत म्हणजे पलीकडच्या तीराला पोचलेला, निष्णात मध्ये तर स्नानच आहे. आणि मुरलेला, लोणच्यासारखा. यांना हद्द नाही. हे कुणी काढून पण घेत नाही.

घरी आल्यावर वहिनीला सगळं टाइप करून पाठवलं, कोमट पाण्यापासून उशीपर्यंत, आणि डब्याचं चुकलं माझं असं पण लिहिलं. तिचा लगेच रिप्लाय आला, "बरं झालं ताई, उशीचं माहीतच नव्हतं. आई केसांना मला हात लावू देत नाहीत, तेल तुम्हीच लावायचं म्हणतात. रविवारी येताय ना?"

साडेसहाची एसटी धरते. तेल इथूनच न्यायला हवं, आईला घाण्याचंच लागतं.