बसकण मोडताना

ऑफिसची चांगली खुर्ची म्हणजे एक गोड कारस्थान असतं. पाठीला आधार, वर-खाली होणारे हात, सीटखाली गॅसचा सिलिंडर आणि तळाशी पाच चाकं. चाकं कशाला, तर शेजारच्या टेबलावरचा कागद घ्यायलाही उठावं लागू नये म्हणून. मग या खुर्चीभोवती एकेक सोय गोळा होते. कचऱ्याचा डबा पायाशी, चार्जर हाताशी, लिटरभर पाण्याची बाटली डोळ्यांसमोर. प्रिंटरकडची फेरी गेली, कारण कागदच गेले. पलीकडच्या विभागात जाऊन विचारायची गोष्ट आता चॅटवर विचारतात, आणि उत्तर देणारा वीस पावलांवर बसलेला असतो. यातली एकही सोय आपल्या तब्येतीवर टपून आलेली नाही, पण सगळ्यांनी मिळून दिवसातलं चालणं बिनबोभाट काढून घेतलं.

म्हणून ‘चालायला वेळच मिळत नाही’ ही तक्रार मला अर्धीच पटते. वेळ लागतोच, पण त्याआधी उठायला निमित्त लागतं. निमित्तं आपण घालवली, ती परत आणता येतात. त्या कामी नव्या वर्षाच्या संकल्पापेक्षा थोडी गैरसोय जास्त उपयोगी पडते.

पाण्याचंच घ्या. बाटली हटवून टेबलावर पाव लिटरचा पेला ठेवला, की कामाच्या वेळात दीड लिटर पाणी प्यायला सहा फेऱ्या होतात. नळ चाळीस पावलांवर असेल तर जाऊन-येऊन ऐंशी, म्हणजे सहा फेऱ्यांची पाचशेच्या आसपास पावलं. शिवाय प्यालेलं पाणी आपल्या सवडीने पुन्हा उठवतंच, आणि तो गजर कुणाला बंद करता येत नाही. त्यासाठी वरच्या मजल्यावरचं स्वच्छतागृह धरलं तर जिनाही पदरात पडतो (घाईच्या वेळी नव्हे, हे सांगायला नको). ही युक्ती फसते ती एका कारणाने: उठायच्या कंटाळ्याने माणूस पाणीच कमी पिऊ लागतो. दुपारनंतर लघवी गडद पिवळी दिसू लागली, तर निमूटपणे बाटली परत आणावी आणि तिच्याऐवजी कचऱ्याचा डबा लांब सरकवावा.

कामाच्या ओघात होणारं चालणं किती मोलाचं असतं, याचा गाजलेला दाखला लंडनच्या दुमजली बसगाड्यांचा आहे. संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो मांडला. बस तीच, रस्ता तोच. ड्रायव्हर पाळीभर बसलेला, तर कंडक्टर तिकिटं देत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. पुढे १९५६ मध्ये मॉरिस यांनीच गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या पँटींचा कंबरघेर तरुण वयापासूनच मोठा निघाला. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. आपल्याच निष्कर्षाला अशी टाचणी लावून बघणारा संशोधक मला जास्त विश्वासू वाटतो. नंतर सारख्या अंगलटीच्या माणसांची तुलना केली, तरी कंडक्टरांचंच पारडं जड राहिलं. त्यांना कुणी व्यायाम करायला सांगितला नव्हता, त्यांचं कामच पायांवर चालत होतं.

बसल्या बसल्या काय बिघडतं, ते संध्याकाळी मोजे काढताना दिसतं. घोट्याच्या वर रबराचा खोल वळ उठलेला असतो. पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू आवळावे लागतात. आवळले की शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं, आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. पोटरी तासन् तास स्वस्थ राहिली तर रक्त तिथेच रेंगाळतं आणि त्यातलं पाणी आजूबाजूला झिरपतं. दुसरी गोष्ट साखरेची. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेऊ शकतो. मांड्या हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, आणि खुर्चीत तेच बिनकामाचे पडलेले असतात.

म्हणूनच सकाळी तासभर चालून पुढे आठ तास बूड न हलवणाऱ्याचं गणित पूर्ण सुटत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला २०२३ सालचा एक छोटा प्रयोग आहे, त्यात माणसं आठ तास बसवून मधेमधे उठवली. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं रमतगमत चालल्यावर जेवणानंतरची साखरेची उसळी निम्म्याहून कमी झाली. दर तासाला चालून साखरेत फरक पडला नाही, रक्तदाब मात्र चार-पाच अंकांनी उतरला. आता अर्ध्या तासाला पाच मिनिटं म्हणजे आठ तासांत ऐंशी मिनिटं. कुठला साहेब खपवून घेईल? माझ्या मते अर्ध्या-पाऊण तासाने दोन-तीन मिनिटं आणि जेवणानंतर सलग पंधरा, ही तडजोड टिकते. जेवणानंतरचं चालणं ताट उचलल्यावर लवकरच सुरू करावं, कारण साखर पहिल्या तासा-दीड तासातच चढते. चाल मंदच हवी. भरल्या पोटी झपाझप चाललं की बरगडीखाली कळ येते किंवा घशाशी आंबट येतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं, साखर नको तितकी खाली जाऊ शकते.

दर अर्ध्या तासाला मोबाइलचा गजर लावायचा सल्ला सगळे देतात. हा सल्ला फार दिवस टिकत नाही. गजर वाजतो तेव्हा माणूस नेमका वाक्याच्या मध्यात असतो. दोनदा गप्प करतो, तिसऱ्यांदा कायमचा. उठणं कामाच्या सांध्यावर बांधलेलं बरं. मोठा मेल गेला की उठायचं, फाइल चढायला लागली की उठायचं, मीटिंग संपली की जागेवर परतताना लांबचा वळसा घ्यायचा. आणि फोन आला की उभं राहायचं. पंधरा मिनिटांचा फोन हळू चालत घेतला तरी बाराशेच्या घरात पावलं पडतात. त्यासाठी इअरफोन हवेत आणि जागा अशी हवी की आपल्या येरझाऱ्यांनी बाकीच्यांचं डोकं फिरणार नाही. स्क्रीन बघत बोलायचा फोन मात्र बसूनच घ्यावा. चालत मीटिंग करायची तर दोघांत, फार तर तिघांत. चौथा आला की दोन जोड्या पडतात आणि मागच्या जोडीत गप्पा रंगतात. ठरलेलं परत येताच लिहून ठेवावं, नाहीतर दोघांच्या लक्षात दोन निर्णय राहतात.

जिन्याबद्दल एक गोष्ट उलटी समजली जाते. चढताना धाप लागते म्हणून लोक लिफ्टने वर जातात आणि उतरताना जिना धरतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरण्याने, कारण तेव्हा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. गुडघ्यांवरही उतरतानाच जास्त दाब येतो. नवख्याने दोन मजले चढावं आणि खाली लिफ्टने यावं.

राहिला दहा हजारांचा आकडा. तो १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून पसरला, कुठल्या दवाखान्यातून नव्हे. अमेरिकेत २०१९ साली सरासरी बहात्तर वर्षांच्या स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे चव्वेचाळीसशे पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सत्तावीसशे चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. तेव्हा आधी आठवडाभर काहीही न बदलता नुसतं मोजावं. मग दर आठवड्याला रोजची पाचशे-हजार पावलं वाढवावीत. मिनिटाला शंभर पावलं पडली की ते दमदार चालणं; बोलता येतं पण गाता येत नाही, ही त्याची बिनखर्चाची खूण. मोबाइल टेबलावर ठेवून पाण्याला गेलात तर त्या फेऱ्या जमेला धरल्या जात नाहीत, हेही ध्यानात असू द्यावं. आणि वजनाची फार आशा नको: सत्तर किलोच्या माणसाचे किलोमीटरभर चालून साधारण पन्नास कॅलरीच खर्च होतात.

उभ्याने काम करायचं टेबल चालण्याची जागा घेत नाही. तासन् तास उभं राहिल्यानेही पोटऱ्यांतल्या शिरा फुगतात आणि कंबर धरते. टेबलाखाली चालायचा सरकपट्टा (ट्रेडमिल) असेल तर ताशी दीड ते तीन किलोमीटरच्या वेगात वाचन आणि ऐकण्याची कामं बरी होतात, माउसची बारीक कामं बिघडतात.

बूट टणक तळाचे असतील तर टेबलाखाली मऊ तळाची एक जोडी ठेवावी. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पावलं थोडी फुगलेली असतात; बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहायला हवी. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकली तर समजावं की वाढ घाईने झाली. दोन आठवडे आकडा खाली आणावा आणि पोटऱ्या ताणायचा व्यायाम करावा. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत कळ आणि थांबलं की गायब, असं दर वेळी होत असेल तर दोष बुटांचा नाही, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं ते लक्षण असू शकतं. आणि चालताना छातीवर दडपण आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.